धावपट्टीपलीकडचं आगर

आर्थर मिस्किटाचा फोन आला तेव्हा त्र्यंबक कर्णिक ठाकुर्लीच्या घरात पेपर वाचत बसले होते.

"साहेब, फाटक बंद करतात. कायमचं. रविवारी शेवटचा दिवस. तुमी या," एवढंच आर्थर बोलला.

कुठलं फाटक, हे विचारायची गरजच नव्हती. त्र्यंबकरावांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला आणि म्हणाले, "येतो."

ठाणं आणि डोंबिवली यांच्या मधे खाडीने एक मोठं वळण घेतलंय. त्या वळणात पूर्वी नुसती मिठागरं होती आणि त्यांच्या कडेला आगर नावाचं एकच गाव. महायुद्धाच्या काळात इंग्रजांच्या नजरेला तिथली सपाट जमीन पडली आणि त्यांनी गावाच्या बरोबर मधून धावपट्टी ओढली. गावाचे दोन तुकडे झाले. ठाण्याच्या अंगाचं ते वरचं आगर, खाडीच्या अंगाचं ते खालचं. शाळा वरच्यात राहिली, चर्च खालच्यात. भातशेती इकडे, होड्या तिकडे. लोकांनी ओरडा केला तेव्हा कुणा गोऱ्या अधिकाऱ्याने दोन्ही अंगांना एकेक फाटक बसवून दिलं आणि विमान नसेल तेव्हा गावाने खुशाल ये-जा करावी असं ठरलं. इंग्रज गेले, फाटकं राहिली.

पुढे ऐंशीच्या दशकात तिथून एकोणीस आसनांचं एक विमान सुरू झालं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. त्याच सुमाराला त्र्यंबकराव तिथल्या टॉवरवर रुजू झाले. टॉवर म्हणजे काय, तर दुमजली इमारतीच्या डोक्यावर बसवलेली काचेची खोली. खाली तिकिटाची खिडकी, चार बाकडी आणि धान्याच्या गोदामात असतो तसला वजनकाटा. विमान लहान, त्यामुळे सामानाबरोबर माणसांचंही वजन करावं लागे. बायका काट्यावर चढायला लाजायच्या. मग पंढरी पोर्टर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि आकडा जिचा तीच वाचून सांगायची. नेहमी थोडा कमीच.

विमान यायची वेळ झाली की त्र्यंबकराव भोंगा वाजवत. फाटकं लागत. विमान उतरून उभं राहिलं की पुन्हा भोंगा, आणि दोन्हीकडे थांबलेलं गाव सुटायचं. मासळीच्या पाट्या, सायकली, शाळेची पोरं, म्हशी, एखादी पाठुंगळीवरची म्हातारी. काचेतून ते सगळं बघत बसायला त्र्यंबकरावांना फार आवडायचं.

आर्थर तेव्हा अग्निशमनाच्या बंबावर होता. वरच्या आगरातलाच. आग कधी लागली नाही, त्यामुळे बंबाचं मुख्य काम म्हणजे रनवेवरचे बगळे हाकलणं. सुझाना खालच्या आगरातली. वरच्या शाळेत बालवाडीच्या वर्गावर शिकवायला यायची. ती रोज फाटकाशी थांबायची, आणि त्या वर्षी आर्थरला फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालायची एकाएकी भलतीच आवड निर्माण झाली. टॉवरवरून सगळं दिसत होतं. त्र्यंबकरावांनी एक-दोनदा भोंगा जरा उशिराच वाजवला होता.

मग विमानसेवा तोट्यात गेली, बंद पडली. त्र्यंबकरावांची बदली मुंबईच्या मोठ्या विमानतळावर झाली. तिथे एकामागून एक विमानं यायची आणि वैमानिकांचे नुसते आवाज ओळखीचे व्हायचे. निवृत्ती झाली, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. आगरला परत जायचं जायचं म्हणता तीसेक वर्षं निघून गेली. आणि आता आगरचं नशीब पालटलं होतं. धावपट्टी लांब झाली होती, काचेची नवी इमारत उभी राहिली होती, येत्या महिन्यापासून मोठी विमानं उतरणार होती. मोठ्या विमानाच्या वाटेत फाटक चालत नाही. दोन्ही अंगांना भिंत येणार होती.

"मीही येते," सुमतीबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय तुमच्या आगरच्या गोष्टी. संपायच्या आधी बघू तरी द्या."

रविवारी ठाणे स्टेशनबाहेर आर्थरचा मुलगा शेन गाडी घेऊन उभा होता. चाळिशीचा, अंगाने बापासारखाच आडवा.

"अंकल, एक लोचा झालाय," गाडी सुरू करत तो म्हणाला. "फाटक परवाच बंद केलं. कुलूप. आज टेस्टिंगचं विमान येणार म्हणे. आणि इकडे गाव सगळं नटून बसलंय."

वरच्या आगरात पोचल्यावर त्र्यंबकराव गाडीतून उतरले आणि क्षणभर दिशाच हरवल्यासारखे उभे राहिले. भाताची खाचरं भरावाखाली गेली होती. मिठागरांच्या जागी पार्किंग होतं. फक्त त्यांचा टॉवर तेवढा होता, नव्या इमारतीच्या सावलीत, काचा काढून घेतलेला. महिन्याभरात तो पाडणार होते.

फाटकापाशी मात्र गर्दी जुनीच वाटत होती. लाल लुगडी नेसलेल्या बायका, कोट घातलेले म्हातारे, दोन ट्रम्पेट आणि एक ढोल घेतलेले बँडवाले. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी वाजतगाजत पलीकडे जायचं, चर्चमध्ये मिस्सा ऐकायची, खालच्या आगरात जेवायचं आणि परत यायचं, असा बेत होता. आता फाटकाला साखळी होती आणि साखळीपाशी एक बंदूकधारी जवान. त्याचं नाव मारुती, हे आर्थरला एव्हाना ठाऊक झालं होतं. त्याने मारुतीला खुर्चीही आणून दिली होती. मारुती बसत नव्हता.

"साहेब, म्हातारे झालात," आर्थर त्र्यंबकरावांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला.

"आणि तू?"

"मी जाडा झालो. म्हातारा नाय."

सुझाना फाटकाच्या गजांना टेकून फोनवर बोलत होती. धावपट्टीपलीकडे, लांबवर, दुसऱ्या फाटकाशी लाल ठिपक्यांची एक रांग दिसत होती. तिथे तिची धाकटी बहीण ब्रेंडा उभी होती. ब्रेंडाचं लग्न गावातच झालेलं, ती खालचं आगर सोडून कधी कुठे गेली नव्हती.

"मी हात हलवते, दिसते का गो?" सुझाना ओरडली.

"तू कुठली ते काय कळते? सगळ्याच लाल!" फोनमधून ब्रेंडाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. लोक हसले. सुझाना हसली नाही. तिने डोळे पुसले आणि मग तिला त्र्यंबकराव दिसले.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी आमच्यासाठी विमान थांबवलेलं. आज एक कुलूप तेवढं उघडून द्या."

त्या दिवसाची गोष्ट सुमतीबाईंना तोंडपाठ होती, पण शेनच्या बायकोला नव्हती, म्हणून तिथेच, फाटकाशी उभ्या उभ्या ती पुन्हा एकदा सांगून झाली.

आर्थर आणि सुझानाचं लग्न खालच्या आगरातल्या चर्चमध्ये लागलं. नवरी घेऊन वरात परत निघाली तेव्हा संध्याकाळच्या विमानाला चांगला अवकाश होता. त्र्यंबकरावांनी फाटकं उघडी ठेवली. पण वरात धावपट्टीवर आली आणि तिथेच रेंगाळली. बँड वाजतोय, बायका गातायत, छत्रीखाली नवरी एकेक पाऊल टाकतेय. आणि विमान त्या दिवशी पाठीमागून वारा मिळाल्याने लवकर आलं. वैमानिक ओळखीचा होता. त्याने वरून विचारलं, "आगर, रनवेवर काय आहे?"

"वरात आहे, कॅप्टन," त्र्यंबकरावांनी रेडिओवर सांगितलं. "नवरी मधोमध आहे."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "नवरी दिसायला कशी आहे?"

"इथून फक्त छत्री दिसतेय."

"मग मी दोन चकरा मारतो. त्यांना सावकाश जाऊ द्या."

आणि ते छोटं विमान खाडीवर घिरट्या घालत राहिलं. खिडक्यांतून प्रवासी हात हलवत होते. बँडवाल्यांना वाटलं विमान आपल्यासाठीच आलंय, त्यांनी दुप्पट जोर लावला. वरात पार झाली, भोंगा झाला, विमान उतरलं. त्र्यंबकरावांना दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावून चांगलं खडसावलं. पण त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. आयुष्यात आपल्या हातून काहीतरी छान घडलं, असं त्यांना पुढे ज्या दोनचार गोष्टींबद्दल वाटत आलं, त्यांतली ती एक होती.

"मी बोलून बघतो," त्र्यंबकराव म्हणाले, आणि शेनला घेऊन नव्या इमारतीकडे गेले.

विमानतळाची व्यवस्थापक आसावरी सामंत पस्तिशीची असावी. सकाळपासून तिच्याकडे या विषयावर बरेच जण येऊन गेले होते, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"काका, मी गावाला पंधरा दिवस आधी कळवलं होतं. तपासणीची तारीख अलीकडे आली, त्याला मी काय करू? एवढी माणसं मी रनवेवर नाही सोडू शकत."

"मी इथे कंट्रोलर होतो," त्र्यंबकराव म्हणाले. "त्या जुन्या टॉवरवर."

आसावरी जरा सावरून बसली. "सर, मग तुम्हीच सांगा. माझ्या जागी असतात तर सोडलं असतंत?"

खोटं बोलायचा मोह झाला. फाटकाशी पन्नासेक माणसं वाट बघत होती. पण हातात माइक धरून इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते जमेना.

"नसतं सोडलं," ते म्हणाले. "माझ्या वेळी दिवसाला एक विमान होतं आणि त्याचा कॅप्टन मला नावाने हाक मारायचा. आताचं वेगळं आहे. तुमचं बरोबर आहे."

शेनने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीतून फाटक दिसत होतं. तिकडे बघत आसावरीने विचारलं, "एवढं काय आहे पलीकडे?"

"तिकडे त्या बाईचं माहेर आहे."

"रस्त्याने जाता येतं ना?"

"येतं की. खाडीला वळसा घालून. अर्धा दिवस मोडतो. एके काळी तिला पलीकडून आईने हाक मारलेली ऐकू यायची."

आसावरीने टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "विमान यायच्या आधी मला रनवेची पाहणी करायची आहे. जीप घेऊन मी या फाटकापासून त्या फाटकापर्यंत जाणार. माझ्याबरोबर दोन माणसं येऊ शकतात. दोनच. पलीकडे उतरवीन, परत आणणार नाही. आणि बँड नको, सर. प्लीज."

फाटकाशी परत येऊन त्र्यंबकरावांनी हे सांगितलं तेव्हा आधी कुरकुर झाली. दोन म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठरल्यासारखंच होतं. सुझाना आणि आर्थर. लोक आर्थरला पुढे करू लागले.

"मी नाय," आर्थर म्हणाला. "सुझाना आणि साहेब."

"अरे, वेडा आहेस का? तुझी सासुरवाडी ती!"

"मी रोज गेलो, साहेब. कधी दिवसातून चारदा गेलो. सासूने बोलावलं म्हणून गेलो, सासूने हाकललं तरी गेलो. तुमी आमाला सगळ्यांना वरून सोडत राहिलात. सोता कधी आलात पलीकडे?"

खरंच, त्र्यंबकराव कधी गेले नव्हते. लग्नानंतर खालच्या आगरात नवरीच्या माहेरी जेवण होतं, आग्रहाचं बोलावणं होतं, पण ड्युटी होती. पुढच्या खेपेला येतो म्हणाले. मग प्रत्येक सणाला पुढची खेप म्हणत राहिले आणि शेवटी बदलीचा हुकूम आला. सगळं आगर त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि ते स्वतः काचेच्या खोलीतून हलले नव्हते.

त्यांनी सुमतीबाईंकडे पाहिलं.

"जा ना," त्या म्हणाल्या. त्या केव्हाच बायकांच्या घोळक्यात जाऊन बसल्या होत्या. "आम्ही गाडीने येतो मागून. मला यांच्याकडून फुग्यांची, त्या तळलेल्या गोल पावांची, कृती घ्यायचीय, रस्ता लांब असला तर बरंच."

लाल लुगड्यावर भगव्या रंगाचं चमकदार जाकीट चढवून सुझाना जीपमध्ये बसली. तसलंच जाकीट घालून त्र्यंबकराव तिच्या शेजारी. मारुतीने साखळी काढली. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. बँडवाल्यांनी हात आवरले, पण ढोलवाल्याच्या हातून एक थाप पडलीच.

धावपट्टी नवी, काळीभोर, अजून डांबराचा वास येणारी. ड्रायव्हर जीप हळूहळू चालवत होता, आसावरी दोन्ही बाजूंना नजर टाकत होती. खाडीवरून वारा येत होता, खारट, जुना, ओळखीचा. मधोमध पांढऱ्या पट्ट्यापाशी आल्यावर सुझाना एकदम म्हणाली, "मॅडम, जरा थांबवा."

जीप थांबली.

"इथंच माझी चप्पल तुटलेली," सुझाना म्हणाली.

"कधी?" आसावरीने विचारलं.

"लग्नाच्या दिवशी. नवीन चप्पल, ठाण्याची. अंगठाच तुटला. नवरीने अनवाणी सासरी जायचं म्हणजे... मी कुणाला सांगितलं नाय. पाय घासत घासत चालत राहिले. म्हणून वरात एवढी हळू चाललेली, भावजी. लोकांना वाटलं बँडवाले रेंगाळले. आर्थरला पण आजतागायत ठाऊक नाय."

त्र्यंबकराव तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं. पोट धरून, खोकला येईपर्यंत ते हसले. विमानाने खाडीवर घिरट्या घातल्या त्या एका चपलेच्या अंगठ्यासाठी! सुझानाही हसत होती, आणि हसता हसता रडत होती.

आसावरीने घड्याळ पाहिलं. वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "टॉवर, मी मध्यावर आहे. आम्ही इथून पुढे पायी तपासणी करतोय. किती वेळ आहे?"

नव्या टॉवरवरून एका तरुण मुलीचा आवाज आला, "मॅडम, विमानाला अजून अवकाश आहे. सावकाश जा."

तिघं उतरली आणि चालू लागली. जीप मागे मागे येत राहिली. त्र्यंबकरावांच्या पायाखाली पहिल्यांदाच ती जमीन होती, जिच्याकडे त्यांनी तरुणपणी दिवसचे दिवस पाहिलं होतं. वरून ती अरुंद पट्टी दिसायची. प्रत्यक्षात केवढी रुंद होती! पाट्या डोक्यावर घेऊन बायका इथून कशा भराभर जायच्या, याचं त्यांना आत्ता नवल वाटलं. एवढा उघडा वारा, डोक्यावर एवढं आभाळ, आणि आडोसा म्हणून कुठे काही नाही. आपण वरून भोंगा वाजवायचो तेव्हा इथे चालणाऱ्याच्या छातीत काय होत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

पलीकडचं फाटक उघडलं. ब्रेंडा पुढे आली आणि बहिणीच्या गळ्यात पडायच्या आधी तिच्या जाकिटाकडे बघून म्हणाली, "हे काय घातलंस गो, रस्ता झाडायला आलीस का?" मग दोघी बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. आसावरी तिथूनच परत फिरली. जाताना तिने त्र्यंबकरावांशी हात मिळवला आणि घाईघाईने जीपमध्ये चढली.

खालचं आगर त्यांनी मनात कितीतरी मोठं केलं होतं. होतं एवढंसंच. एक गल्ली, पांढरं धुतलेलं चर्च, बाहेर लाकडी क्रूस, वाळत घातलेली जाळी, आणि गल्लीच्या टोकाला थेट खाडीचं पाणी. ब्रेंडाच्या ओट्यावर त्यांना खुर्ची दिली. तिथून मागे वळून पाहिलं तर धावपट्टीपलीकडे त्यांचा टॉवर दिसत होता, आगपेटीएवढा.

"आमी लहानपणी तुमाला बघायचो," ब्रेंडा म्हणाली.

"मला?"

"मग! काचेत एक मानूस. तो बसलेला असला की आमी पळत सुटायचो. तो उभा राहिला की समजायचं, विमान येते, थांबा. भोंगा नंतर व्हायचा. आई बोलायची, त्या मानसाकडे लक्ष ठेवा, तो चुकत नाय."

त्र्यंबकरावांनी आपलं तोंड दुसरीकडे, खाडीकडे फिरवलं.

दुपार कलल्यावर गाड्या वळसा घालून पोचल्या. आर्थर, सुमतीबाई, शेन, बँडवाले, सगळेच. मिस्सा टळून गेली होती, पण पाद्र्यांनी पुन्हा एक छोटी प्रार्थना घेतली. मग पंगती बसल्या. गरम फुगे, कोलंबी, वाटणातलं मटण. आर्थरला बायकोने सगळ्यांदेखत चपलेची गोष्ट सांगितली. तो जेवता जेवता थांबला. "एवढी वरसं मी त्या बँडवाल्याला शिव्या घातल्या," तो म्हणाला, आणि उठून म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याच्या पानात त्याने स्वतः मटण वाढलं.

फाटकांच्या जागी पुढच्याच आठवड्यात भिंत आली. टॉवर थंडीत पाडला. आर्थरने फोन करून विचारलं, येता का बघायला? त्र्यंबकराव नको म्हणाले. मोठी विमानं सुरू झाली आणि आसावरी सामंतांचा पेपरात फोटो आला, तो मात्र त्यांनी सुमतीबाईंना दाखवला.

बहिणींचं मात्र अडलंच होतं. या आगरातून त्या आगरात जायचं म्हणजे दिवस जायचा, गुडघे दुखायचे. सुझानाची ही तक्रार फोनवर ऐकून सुमतीबाईच एकदा म्हणाल्या, "अगं, ब्रेंडा खाडीवरच्या नव्या पुलावरून डोंबिवलीला सहज येते. तू ठाण्याहून गाडी पकडलीस की ठाकुर्ली. मग दोघी आमच्याकडेच का नाही भेटत?"

पहिल्या गुरुवारी त्या संकोचत आल्या. दुसऱ्या गुरुवारी पिशवीत मासळी घेऊन आल्या, आणि कर्णिकांच्या घरात मासळीला नाही म्हणणारं कुणी नव्हतं. तिसऱ्यापासून स्वयंपाकघराचा ताबाच त्यांच्याकडे गेला. कोलंबीला चिंच की कोकम, यावरून दोघी बहिणी तारस्वरात भांडत, सुमतीबाई मधेच तिसरं काहीतरी सुचवून भांडण वाढवत. हॉलमध्ये सुझानाबरोबर आलेला आर्थर आणि त्र्यंबकराव टीव्ही बंद करून ते ऐकत बसत.

"थांबवायचं का त्यांना?" एकदा आर्थरने विचारलं.

"छे," त्र्यंबकराव म्हणाले, "चालू दे," आणि चहा टाकायला उठले.